उजव्या हातातला गोठ

माझं वय चौऱ्याहत्तर. या वयाच्या बाईनं देवाचं नाव घ्यावं, गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि सुनेच्या कामात तोंड घालू नये, असं सगळे सांगतात. मला दोन्ही पोरीच, त्या आपापल्या घरी, तेव्हा सुनेचं आपोआप जमतं. गोळ्या कधी घेते, कधी विसरते. उरलेल्या वेळात मी दागिने घालते. जुने, वजनदार, चांदीचे. दंडात वेळे, मनगटात कडी, पायात तोडे, गळ्यात सरी, आणि सणावाराला कमरपट्टा. कमरपट्टा घातला की मला खाली वाकता येत नाही, त्यामुळं सणावारी माझ्या हातून काम होत नाही.

हे वेड भूकंपानंतरचं. आमचं गाव औसा तालुक्यात. त्र्याण्णव साली ते पडलं, पोरी तेव्हा सासरी होत्या; मी आणि माझे मालक गुरुपादप्पा दोघं त्यातून वाचलो. माझ्या उजव्या मनगटावर लाकडी आढं आलं. डॉक्टरांनी हाड नीट बसवून प्लास्टर घातलं होतं. पण आत खाज सुटते म्हणून मी ते पंधरा दिवस आधीच विळ्यानं कापून काढलं. त्या अकलेची खूण म्हणून मनगटाच्या हाडावर सुपारीएवढी गाठ कायमची राहिली.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. सगळ्यांना संसार नव्यानं मांडायचा होता. बायका ढिगाऱ्यातून निघालेले तोडे, वाळे पिशवीत घालून लातूरच्या सराफ्यात न्यायच्या आणि मोडीत द्यायच्या. मोडीत म्हणजे वितळवायला. मी वाटेत उभी राहून सोनारापेक्षा थोडं जास्त देऊन ते घ्यायची. आता कुणी विचारलं की मी म्हणते, गावाची आठवण जपली. एकदा एका कार्यक्रमात असं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या, तेव्हापासून तेच म्हणते. खरं कारण असं की शेजारच्या साखराबाईचा कमरपट्टा मी नवी नवरी असल्यापासून डोळ्यात भरून ठेवला होता, आणि तो वितळण्याआधी मला एकदा घालून बघायचा होता.

त्याच शेडमध्ये मी अक्षरं शिकले. शिकवायला विमलबाई यायच्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पण त्यांच्यासमोर मी अजूनही पाय जवळ घेऊन बसते. पुढं त्या यजमान अनंतरावांबरोबर नांदेडला गेल्या, आम्ही लातूरला आलो, मालक गेले, तरी बाईंचं माझं कधी तुटलं नाही. माझ्या हातचं पत्र आलं की त्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवायच्या. आता फोन आल्यामुळं तो त्रास वाचला.

मागच्या माघात त्यांच्या नातीचं, मृण्मयीचं, लग्न ठरलं. बाईंच्या घरात गोठांची एक जोडी आहे. गोठ म्हणजे मनगटात घालायचं जाड, गोल कडं; वरून सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. चार पिढ्यांच्या नवऱ्या ते घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या. चुडा भरताना आधी गोठ मागं सरकवायचे आणि मग पुढं हिरव्या बांगड्या भरायच्या, ही त्यांच्या घरची रीत. गोठ नाही तर चुड्याला सुरुवात नाही. त्यातला उजव्या हाताचा गोठ चेपला होता, म्हणून बाईंनी तो लातूरला बसवंत सोनाराकडं नीट करायला दिला होता. त्यांचा मला फोन आला.

"नागम्मा, शुक्रवारी दुपारी चुडा आहे. येताना बसवंतकडून गोठ घेऊन ये."

"हाव बाई, आणते की."

"आणि नागम्मा, नुसता घेऊन ये."

"म्हंजे?"

"तुला समजलंय."

मला समजलं होतं. मी मंगळवारी गोठ घेतला, डबीत कापूस घालून ठेवला, डबी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. एवढी खबरदारी मी चोरांसाठी घेतली नव्हती.

माझ्या लातूरच्या घरात डॉक्टर व्हायला आलेल्या आठ पोरी भाड्यानं राहतात. पहाटे पाचपासून पाठ करतात, माझा रेडिओ बंद करायला लावतात. त्यातली मुखेडची स्वप्नाली जरा बोलकी. बुधवारी त्यांच्या क्लासमध्ये पारंपरिक दिवस होता. आदल्या दिवशी ती म्हणाली, "आज्जी, तुमी तुमचे दागिने घेऊन या ना. टेबल लावून देतो तुमाला. सगळं विंटेज हाय तुमच्याकडं."

"विंटेज म्हंजे काय गं?"

"जुनं, पण भारी."

"मग म्या बी विंटेजच की."

"तुमी निसत्या जुन्या, आज्जी."

तरी मी गेले. सगळी चांदी घेऊन गेले, आणि जाताना कपाट उघडून डबीही पिशवीत टाकली. का टाकली, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घरी कुणी नाही, सोनं कशाला मागं ठेवायचं. मी स्वतःलाही तेच सांगितलं आणि ते मला पटलं.

क्लासमध्ये पोरी नऊवारी नेसून, हातात मोबाईल धरून हिंडत होत्या. माझ्या टेबलाशी येत, कमरपट्ट्याबरोबर फोटो काढत आणि पुढं जात. मी एकेका तोड्याची हकिगत सुरू करायची आणि वाक्य संपेपर्यंत समोर दुसरीच पोरगी असायची. मग एक चष्मेवाली म्हणाली, "सगळं चांदीचंच का? सोन्याचं काहीच नाही?"

'काहीच नाही' हे मला लागलं. मी डबी काढली.

"बघा, पण हात लावू नका," मी म्हणाले. "हे दुसऱ्याचं हाय."

चारी बाजूंनी पोरी गोळा झाल्या. अर्ध्या तासात पहिल्यांदा माझ्याभोवती गर्दी झाली. "घाला ना आज्जी," कुणीतरी म्हणालं. मी नको नको म्हणाले, पण म्हणता म्हणता पदर खोचला. डाव्या हातात कोपरापर्यंत चांदी होती, तिथं जागा नव्हती. राहिला उजवा. गोठ अंगठ्याच्या मुळाशी अडला. तिथं थांबायला हवं होतं. पण स्वप्नालीनं कुठून तरी दुधाची रिकामी पिशवी धुऊन आणली, माझ्या हातावर चढवली आणि वरून गोठ ढकलला. तो अंगठ्यावरून सरकला, गाठीशी क्षणभर टेकला आणि पलीकडं गेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी लवून नमस्कारही केला.

फोटो काढून झाले, पोरी पांगल्या, आणि मी गोठ काढायला लागले. तो गाठीपर्यंत आला आणि थांबला. साबण लावला. खोबरेल लावलं. घरी येऊन फ्रीजमधल्या बर्फात हात घातला. आठ पोरींनी आळीपाळीनं ओढलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरींना एका म्हातारीच्या हातातलं कडं निघालं नाही. उलट हात सुजून गाकरीसारखा झाला. एकीनं मला मनगटात किती हाडं असतात ते सांगितलं. आठ. तिची तेवढीच उजळणी झाली.

गुरुवारी सकाळी बसवंतकडं गेले. त्यानं चष्मा वर करून हात बघितला, मग मला बघितलं.

"मावशी, म्या तुमाला डबीत दिला होता ना?"

"कापता येतो का तेवढं सांग."

"कापता येतो की. पण आतली लाख फुटंल. पुन्ना जोडायला आच द्यावी लागंल, म्हंजे उरलेली बी जळंल. सगळी काढून नवी भरायची. आठ-दहा दिवस धरा."

"उद्या चुडा हाय."

"मग उद्या तुमीच नवरीच्या बाजूला बसा."

त्याला हसू आलं होतं, मला येत नव्हतं. पत्रातली एक वेलांटी चुकली तरी ती खोडून माझ्याकडं परत पाठवणाऱ्या बाईंनी चार पिढ्यांचा गोठ माझ्या भरवशावर सोडला होता. त्यांनी एकच अट घातली होती आणि मी तीच मोडली होती. कापलेला गोठ घेऊन गेले तर पुन्हा त्या घरात मला 'ये' म्हटलं जाणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. आणि इतकं कळत असूनही मी खरं सांगायचं सोडून मेडिकलमधून क्रेपची पट्टी आणली आणि गोठासकट मनगट गुंडाळून टाकलं.

शुक्रवारी पहाटेची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात पडण्याची जागा ठरवत होते. जिना, अंगण, न्हाणीघर. लोहा येईपर्यंत न्हाणीघर पक्कं केलं.

नांदेडला घरात पाहुणे दाटलेले. बाई दारातच भेटल्या.

"अगं बाई, हे काय?"

"पडले. न्हाणीघरात."

"तोच हात? भूकंपातला?"

"तोच."

बाईंचा चेहरा उतरला. "गोठ आणलास ना?"

"आणलाय बाई. जवळच हाय."

"असू दे तुझ्याजवळच. घरात किती माणसं आहेत बघतेस ना. चुड्याच्या वेळी दे."

दागिना जवळ ठेव असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता म्हटलं, तर मी पट्टीचा हात पदराखाली घेतला.

पंगत बसली. उजवा हात गुंडाळलेला, म्हणून मी चमचा मागितला. बाई म्हणाल्या, "चमचा कशाला? मी आहे की." घरात लग्न, साठ पाहुणे, स्वयंपाकी ओरडतोय, आणि ही बाई पाटावर माझ्या शेजारी बसली. पोळी मोडली, वरणभात कालवला, वर लिंबू पिळलं आणि घास करून माझ्या तोंडाशी आणला. पहिला घास मी खाल्ला. दुसराही खाल्ला, कारण वरण फार चांगलं झालं होतं. तिसऱ्या घासाला बाई म्हणाल्या, "रात्री इथंच राहा. पट्टी सोडून मी हळद-तुरटीचा लेप लावून देते."

घास तोंडात असतानाच मी रडायला लागले. वरण हनुवटीवर आलं.

"फार दुखतंय का गं?"

"बाई, हात मोडला न्हाई," मी म्हणाले. "आत गोठ हाय."

बाईंनी ताटातला हात काढून घेतला आणि धुतला. पुसला. मग पट्टी सोडायला लागल्या. एकेक वेढा सुटत होता आणि त्या सुटलेली पट्टी नीट गुंडाळत होत्या. शेवटचा वेढा गेला आणि गोठ दिसला तेव्हा त्यांनी माझ्या सुजेकडं बघितलंसुद्धा नाही. आधी गोठावरून बोट फिरवलं.

"लाख?"

"शाबूत हाय."

"कधीपासून?"

"परवापासून."

"किती जणींना दाखवलास?"

"मोजल्या न्हाईत, बाई."

एव्हाना घरात बातमी पसरली. अनंतराव पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपल्या कॉलनीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याच्याकडं कटर आहे." बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, तसे ते पुन्हा पेपरमागं गेले. मृण्मयी, नवरी, पुण्यात नोकरी करणारी, मोकळ्या मनाची. ती म्हणाली, "आजी, असू दे ना. मी एकाच हातात घालीन."

"एकाच हातात घातलास तर व्याही विचारतील, दुसरा मोडून खाल्ला का," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चार वाजता कासारीण येईल. तोवर तू इथंच बस. जागेवरून हलू नकोस."

मी बसले. वर्गात बाई कोपऱ्यात उभं करायच्या, त्यापेक्षा हे बरं होतं, कारण पाट होता.

कासारीण आली ती देगलूरची लक्ष्मम्मा, बाईंच्या माहेरची. घरात तेलुगू बोलणारी, सत्तरीची, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन अजून एसटीनं हिंडणारी. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटून चाचपला.

"अय्यो. गाठ हाय हाडाला. कोन ओढलं याला?"

"सगळ्यांनीच."

"समद्यांनी सरळ ओढलं. सरळ ओढलं तर हात येतंय, गोठ येत न्हाई. अम्मा, हात वर धर. सूज उतरू दे. म्या म्हनते तवर खाली घ्यायचं न्हाई."

तासभर मी हात वर धरून बसले. येणारा प्रत्येक पाहुणा मला कुणीतरी मोठी बाई आशीर्वाद देतेय समजून वाकून जात होता. मीही दोघातिघांना अखंड सौभाग्यवती भव म्हटलं. त्यातले एक मृण्मयीचे मामा निघाले. बाईंच्या पुतणीची मालविका, वय वर्षं पाच, समोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला शूला जायचंय का? मग करंगळी दाखवायची असते."

बाई नवरीजवळ बसल्या होत्या. मी आशेनं तिकडं बघितलं. त्या हसल्या नाहीत.

अखेर लक्ष्मम्मानं हात खाली घेतला. मलमलीचं ओलं फडकं गोठाखालून घातलं, साबण चोळला, आणि थांबली.

"बाई, येक सांगते. म्या गोठ काढते. पन रिकामा हात म्या सोडत न्हाई. काढलं की बदल्यात भरायचं. निसतं काढायचं काम बाईच्या जन्मात येकदाच येतंय, ते दुसऱ्याकडनं करून घ्या. माझ्या हातानं व्हत न्हाई."

काचेची बांगडी मी मालक गेल्यापासून घातली नव्हती. मला कुणी मनाई केली नव्हती. आम्हा लिंगायतांत तर विधवा-सवाष्ण असा भेद मानू नका असं सांगून ठेवलेलं आहे, आणि गळ्यात लिंग घालून मी ते लोकांना ऐकवतेही. पण माझा धीटपणा चांदीपुरता. चांदीला संग्रह म्हणता येतं. संग्रह म्हटलं की लोक पाऊण किलोसुद्धा चालवून घेतात. दहा रुपयांच्या काचेला संग्रह कसा म्हणणार? ती घातली म्हणजे हौस म्हणूनच घातली, आणि ते मला बावीस वर्षांत तोंडानं कबूल करता आलं नव्हतं.

एक जाडशी पाहुणी दुसरीच्या कानाशी लागली. माझा हात आपोआप मागं आला.

"लक्ष्मम्मा," बाई म्हणाल्या, "भर तिला. डझनभर भर."

"बाई, चार बास झाल्या," मी म्हणाले.

"तुला विचारलं का?"

"न्हाई बाई."

"आणि हिरव्या नको भरू," त्या लक्ष्मम्माला म्हणाल्या, "हिरव्या नवरीच्या. तिला लाल आवडतात." मला लाल आवडतात हे त्यांना कुठून कळलं ते मला माहीत नाही. मी कधी बोलले नव्हते.

लक्ष्मम्मानं गोठ आधी ओढला नाहीच. उलट वर कोपराकडं सरकवला, माझा अंगठा तळहातात दुमडला, आणि मग गोठ थोडा तिरका करून, कुलपात किल्ली फिरवावी तसा गाठीभोवती फिरवत आणला. मी एकदा शिवाचं नाव घेतलं. मग कन्नडमध्ये असं काही बोलले की उदगीरकडच्या दोन पाहुण्या हसायला लागल्या. एक कळ मस्तकात गेली, आणि गोठ सुटून हळदीकुंकवाच्या ताटात जाऊन पडला. लक्ष्मम्मानं तिकडं बघितलं नाही. माझा हात तसाच दाबून धरून तिनं एकामागून एक बारा लाल बांगड्या वर चढवल्या. मग सुस्कारा सोडला. "झालं. आता नवरीला आना."

बाईंनी गोठ उचलला, पदरानं पुसला, खिडकीशी नेऊन चहूबाजूंनी बघितला. कुठं चेप नव्हता. त्यांनी तो लक्ष्मम्माच्या हाती दिला आणि मृण्मयीच्या हातात तो असा अलगद गेला की मला जरा रागच आला.

चुडा झाला. गाणी झाली. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळ झाली, माझी पिशवी भरून मी दाराजवळ बसले. शेवटची एसटी गाठावी म्हटलं. तेवढ्यात बाई आल्या. हातात जिलबीची परात होती.

"हात बरा झाला का?"

"हाव बाई."

"मग ऊठ. साठ पानं मांडलीत, वाढायला माणसं नाहीत."

मी परात घेतली. उचलवेना, तरी घेतली. "बाई, रागावलाव काय?"

"रागावले आहे. आत्ता वेळ नाही. सोमवारी सगळे गेले की निवांत रागावीन. तोवर राहा."

"आन गोठ?"

"गोठ सोमवारी डबीत जातील. यापुढं बसवंतकडं न्यायचे झाले तर हे नेतील."

अनंतराव आजवर तीन छत्र्या आणि एकदा स्वतःचे बूट एसटीत विसरले आहेत. माझ्यापेक्षा ते बरे, असं बाईंनी ठरवलं होतं.

मी पंगतीत गेले. बांगड्यांचा आवाज होत होता, म्हणून मी हात जरा सावकाश पुढं करत होते, जरा उंच धरून. पहिल्या पानावरचे काका वर बघत थांबले. दुसऱ्या पानावरचेही थांबले. मला वाटलं, बघताहेत.

"अहो आजी," पहिले म्हणाले, "ती जिलबी हवेतच धरणार का, की पानात पण पडणार?"